सत्ताविसाव्या पानावरची कोरी जागा

अहमदनगर
सोमवार, ७ नोव्हेंबर १९४९

रा. रा. शामकांत विष्णुपंत राशिनकर, वकील, यांस,
मुक्काम पुणे

आबासाहेबांच्या छापखान्यातून लिहितो आहे. करजमाळच्या मिशन हायस्कुलातून १९४३ साली मॅट्रिक झालेल्या वर्गाच्या आठवणींचं पुस्तक आमच्याकडे छपाईला आलं आहे आणि आपण त्याचे संपादक आहात. सव्वीस पानांचे छपाईचे खिळे जुळवून झाले. पुस्तक दहा डिसेंबरला, शनिवारी, शाळेच्या समारंभात वाटायचं आहे असं आबासाहेब म्हणाले. म्हणून शंका वेळेवर विचारलेल्या बऱ्या.

शंका पान सत्तावीसची. 'कपाटातली गंमत' हा आपलाच लेख. आपण लिहिता की चर्चमध्ये एक लाकडी कपाट होतं. मधे फादर बसायचे, दोन्ही बाजूंना पडदे, आणि ख्रिस्ती मुलं एका बाजूला गुडघे टेकून जाळीतून आपली पापं सांगायची. एका शनिवारी पैजेखातर आपण दुसऱ्या, रिकाम्या बाजूला लपून बसलात. पलीकडचा मुलगा वेदीवरचं कापड फाडल्याचं सांगून हमसून हमसून रडत होता आणि आपल्याला हसू आवरेना. 'काय तो भोळा पापी!' असा लेखाचा शेवट आहे.

विचारायचं इतकंच की हा प्रसंग घडलेला आहे की रचलेला? घडलेला असेल तर साल आणि महिना घालावा का? लेखात ते नाहीत. दुसरं, सुरुवातीच्या पानावरच्या वर्गाच्या यादीत एका नावापुढे 'ठावठिकाणा माहीत नाही' असं आहे. तसंच ठेवावं ना?

उलट टपाली कळवावं. खिळे बांधून ठेवले आहेत.

आपला,
जुळारी


सोमवार, १४ नोव्हेंबर

शामकांत,

कार्ड मिळालं. 'प्रसंग अक्षरशः खरा आहे, पदरचं काही नाही. १९४२, ऑगस्टचा चौथा शनिवार. जरूर घाला. यादीतलं तसंच राहू द्या, तो मुलगा बहुधा मुंबईकडे गेला.' वकिलाचं अक्षर असून सगळं लागलं. खाली सहीसुद्धा ठोकलीस. मला तेवढीच हवी होती.

मुंबईकडे कोणी गेलेलं नाही. मी सहादेव भिंगारदिवे. तुझ्या मागच्या बाकावर बसायचो आणि तिमाहीच्या गणितात तुझ्या पुढे असायचो, ते तुला आवडायचं नाही. तुमच्या पुस्तकातलं एकेक अक्षर मी चिमटीत धरून जुळवलं आहे. माझ्या नावापुढे 'ठावठिकाणा माहीत नाही' हेही मीच जुळवलं. तो भोळा पापीही मीच.

हसलास ना त्या शनिवारी? आता पुढचं ऐक. मॅट्रिकच्या वर्गातल्या मुलाला वेदीचं कापड फाडायची काय गरज पडली, हे तू लेखात गाळलंस. ते मी सांगतो.

पंधरा ऑगस्ट बेचाळीस, मरियाबाईचा सण. आठवडाभर आधी सगळे पुढारी पकडले गेले होते. सकाळी मिस्साला आलेल्या लोकांना चर्चच्या घंटेवर झेंडा दिसला. केशरी पट्टी जत्रेतल्या पताकेची, हिरवी आईच्या फाटक्या लुगड्याची. पांढरं कापड आमच्या घरात नव्हतं. आमच्या वस्तीत पांढरं कोण नेसतो? वेदीची कापडं धुवायचं काम माझ्याकडे होतं. त्यातलं एक मी कापलं. चरखा शाईने काढला. मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही.

पण देवाचं कापड कापलं हे मनाला लागून राहिलं. मग बावीस तारखेला मी त्या कपाटात गेलो. मधे फादर लॉरेन्झ होते, आपले म्हातारे जर्मन फादर. त्यांना कमी ऐकू यायचं हे अख्ख्या शाळेला माहीत होतं. मी कुजबुजलो तर म्हणाले, "मोठ्याने बोल बाळ, देवाला ऐकू आलं, मला नाही." मग मी मोठ्याने बोललो. कापड, झेंडा, घंटा, सगळं. त्यांनी विचारलं, "टाका सरळ घातला होतास का?" मी म्हटलं, हो. "मग महिनाभर वेदीची कापडं जास्त पांढरी धू," म्हणाले. एवढंच प्रायश्चित्त.

सोमवारी प्रिन्सिपॉल फादरांनी मला ऑफिसात बोलावलं. त्यांच्यासमोर उरलेलं कापड होतं. "झेंडा तू लावलास. कोणी सांगितलं ते मी सांगणार नाही." त्याच दिवशी माझं नाव कमी झालं. फौजदाराने चावडीत सहा छड्या दिल्या, त्या मला कमीच वाटल्या. वर्गात पहिला येणाऱ्याला मिशन पुण्याच्या कॉलेजात पाठवायचं. मॅट्रिकला सात महिने होते.

आता तूच सांग, वकील आहेस. मी एकाच माणसाला सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी सगळं फुटलं. मी कोणाला धरायचं? कपाटात सांगितलेलं फादर मान कापली तरी कुणाला सांगत नाही, हे आमच्यात शेंबड्या पोराला ठाऊक असतं. म्हणजे माझ्या लेखी त्याने मानेहून मोठं काही मोडलं होतं. सात वर्षं मी त्या म्हाताऱ्याचा द्वेष केला, शामकांत. जीव ओतून केला. आणि परवा तुझ्या गमतीचे खिळे जुळवताना 'वेदीचं कापड' हे शब्द हाताखाली आले. तो द्वेष चुकीच्या पत्त्यावर जात होता.

आता पत्ता बरोबर मिळाला आहे.

सहादेव


मंगळवार, २२ नोव्हेंबर

शामकांत,

चार पानी पत्र पोचलं. 'प्रिय मित्र सहादेव' वाचून बरं वाटलं. पहिल्या बाकावर असताना एकदा तरी म्हणाला असतास.

तू कबूल केलंस, हे एक ठीक झालं. पैज तूच घातलीस, तूच लपलास, आणि रविवारी दुपारी प्रिन्सिपॉलकडे जाऊन नाव सांगितलंस. कारणही लिहिलंस. तुझे वडील, आपले राशिनकर गुरुजी, खादी वापरायचे, म्हणून फौजदाराचा संशय त्यांच्यावर होता. सोमवारी त्यांच्या हातात बडतर्फीचा कागद पडणार होता. 'वडिलांची नोकरी जात होती, मी सतरा वर्षांचा होतो, तू माझ्या जागी काय केलं असतंस?'

मी काय केलं असतं ते मला माहीत नाही. खरं सांगतो. माझ्या बापाला नोकरीच नव्हती, त्यामुळे ती जायची भीती कशी असते ते मी शिकलोच नाही. त्या रविवारचं मी तुला कदाचित माफही केलं असतं. बापासाठी पोरगं काहीही करतं. पण सोमवारनंतर मंगळवार आला, शामकांत, आणि मंगळवारनंतर सात वर्षं आली. गावभर झालं की जर्मन फादरांनी पापकबुली फोडली. वर तक्रार गेली. चौकशीला पुण्याहून मोठे फादर आले, चर्चमध्ये टेबल मांडून बसले. तू तेव्हा शाळेत होतास. व्हरांड्यातून पाहत होतास, मला नंतर मुलांनी सांगितलं. तुझ्या तोंडून एक वाक्य निघालं असतं तर म्हातारा सुटला असता. गुरुजींची नोकरी तेव्हा पक्की झाली होती. मग कशाची भीती होती?

त्या टेबलापाशी काय झालं ते तुला ठाऊक नसेल तर ऐक. त्यांना विचारलं, "सहादेवने तुम्हाला झेंड्याचं सांगितलं होतं का?" फादर लॉरेन्झ म्हणाले, "त्या मुलाने मला काय सांगितलं आणि काय नाही, यातलं मला काहीच बोलता येत नाही." पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मी काहीच फोडलं नाही एवढं म्हणाले, पण मग नाव बाहेर कसं गेलं यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. त्यांना तरी कुठे माहीत होतं की पडद्याआड राशिनकर गुरुजींचा मुलगा हसत बसला होता! लोकांनी त्या गप्प बसण्याचा सरळ अर्थ लावला.

वर्षभर त्यांना तिथेच ठेवलं. दर शनिवारी चार वाजता ते कपाटात जाऊन बसायचे आणि कोणी यायचं नाही. आमच्या वस्तीतून एक माणूस फिरकायचं नाही, फक्त माझी आई जायची. मी तिला अडवलं. भीमाबाई कोणाचं ऐकते? म्हणाली, "माजं पाप मी सांगनार. आन् त्या म्हाताऱ्याला बी कुनी तरी पायजे का न्हाई ऐकायला? त्यो तसा न्हाई रं. लई सरळ मानूस हाय." मी म्हटलं, तुला काय कळतं? ती म्हणाली, "मला येवढंच कळतं."

मग त्यांना जामखेडच्या पलीकडे मिशनच्या एका लहानशा ठाण्यावर पाठवलं. पापकबुली ऐकायची बंदी. सेहेचाळीसच्या मे महिन्यात तिथेच गेले. आई दोन दिवस चालत मातीला गेली. मी गेलो नाही.

आणि तू काय केलंस? पुस्तकाच्या सुरुवातीला 'आमचे दिवंगत गुरुजन' म्हणून सहा नावं घातलीस, त्यांत फादर लॉरेन्झ नाहीत. आपल्याला जर्मनीचा नकाशा फळ्यावर डोळे मिटून काढून दाखवणारा माणूस तुला आठवला नाही? पान बारावर मात्र 'आमच्या वर्गाने घंटेवर फडकावलेला तिरंगा' आहे. कोणी लावला ते 'अजून गुलदस्त्यात' म्हणून असं लिहिलंस की वाचणाऱ्याला वाटावं, संपादकच लाजतो आहे. लोकल बोर्डाला उभा राहणार आहेस म्हणे. बरोबर. आयत्या बिळावर नागोबा.

पत्राच्या शेवटी तू दोन गोष्टी देऊ केल्यास. पान सत्तावीस काढून तिथे तुझी कविता घालायची, आणि झेंड्यापुढे माझं नाव लावायचं. नको. मला नाव नको. सहा ओळी हव्यात, तुझ्या हातच्या: मी लपलो, मी ऐकलं, मी सांगितलं, फादरांनी नाही. खाली पूर्ण नाव. त्या मी पान सत्तावीसवर जुळवीन. दहा तारखेला सगळ्या शाळेसमोर त्या म्हाताऱ्याचं नाव धुतलं गेलं पाहिजे. बाकी काही मी मागत नाही.

सहादेव


बुधवार, ३० नोव्हेंबर

शामकांत,

वकिली चांगली चालत असणार तुझी. सहा ओळी मागितल्या तर एकच पाठवलीस, तीही रजिस्टरने: 'फादरांविरुद्ध वर गेलेली तक्रार कोणी लिहिली होती, तेही छापणार का?'

बरोबर ओळखलंस. मागच्या पत्रात 'तक्रार गेली' असं लिहिताना ती कोणाची ते मी गाळलं होतं. तक्रार आपल्या पायांनी गेली नाही. मी लिहिली. 'फादर लॉरेन्झ यांनी माझी पापकबुली फोडली, हे मी पवित्र शास्त्रावर हात ठेवून सांगतो.' शुद्धलेखनाची एक चूक नव्हती, गुरुजींनीच शिकवलेलं. आणि तेवढ्यावर थांबलो नाही. वस्तीतल्या एकेका घरी जाऊन सांगितलं, त्या कपाटात जाऊ नका, म्हातारा सरकारचा कान आहे. शनिवारी चार वाजता चर्चच्या समोरच्या चिंचेखाली बसायचो, कोण जातं ते बघायला. कोणी आत वळलं की नुसता त्याच्याकडे बघायचो. ते परतायचे. कपाट तू रिकामं केलं नाहीस, मी केलं. तू एक नाव फोडलंस, मी त्या माणसाचं सगळं आयुष्य फोडलं. हे मला तू विचारायच्या आधीच माहीत होतं. लेख हाती आला त्या दिवसापासून जेवताना माहीत असतं, खिळे उचलताना माहीत असतं.

म्हणजे मी तुला सोडीन असं वाटतं? उलट. बुडायचंच आहे तर एकटा कशाला?

आता तुझी दुसरी चलाखी. तू गुरुजींना तार केलीस की छापखान्यात जाऊन पान सत्तावीस रद्द करा, कारण विचारू नका. पुस्तकाच्या मंडळाचे अध्यक्ष तेच, त्यांची सही चालते. पण अरे, ज्या माणसाने तीस वर्षं वह्या तपासल्या त्याला तू न वाचता पान रद्द करायला पाठवतोस? स्वतःच्या बापाला एवढंही ओळखत नाहीस?

सोमवारी सकाळी आले. हातात छत्री, चष्म्याला दोरा. मला पाहून दारातच थांबले. "सहादेव? तू इथे?" मग माझे काळे हात पाहिले आणि म्हणाले, "यादीत तुझा ठिकाणा नाही असं लिहिलंय. तीन गल्ल्या पलीकडे मी राहतो रे." मी म्हटलं, तुम्ही शोधलं नाही गुरुजी. त्यांना लागलं ते. लागावं म्हणूनच बोललो.

मग त्यांनी पान मागितलं. आधी सवयीने पेन्सिल काढून दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले. 'भोळा पापी'शी पोचले तेव्हा किंचित हसलेसुद्धा. "हा शामचा व्रात्यपणा. पण रद्द कशाला करायचं?"

तुझं कार्ड माझ्या खिशात होतं. मी ते त्यांच्यासमोर ठेवलं. मग तुझं चार पानी पत्र ठेवलं. ठेवायला नको होतं असं आता वाटतं, पण तेव्हा मी सात वर्षं त्याच क्षणाची वाट बघत असल्यासारखं ठेवलं. वाटलं, माझ्या बापासमोर मला छड्या बसल्या, आता तुझ्या बापासमोर तुझं होऊ दे.

ते वाचत होते आणि मी त्यांचं तोंड बघत होतो. कार्ड वाचून म्हणाले, "बावीस ऑगस्ट." मग चारही पानं सावकाश वाचली. मशीन चालू होतं, ते त्यांनी हाताने खूण करून थांबवायला सांगितलं. आबासाहेबांनी थांबवलं.

"मंगळवारी फौजदार माझ्याकडे यायचे बंद झाले," गुरुजी म्हणाले. "मला वाटलं, मी निर्दोष होतो म्हणून सुटलो. सात वर्षं मुलांना तेच उदाहरण देत आलो. खरं असलं की भ्यायचं कारण नसतं."

त्यांनी पत्राची घडी घातली.

"लॉरेन्झ फादर एकदा घरी आले होते रे, चौकशीनंतर. व्हरांड्यात बसले. मी पाणीसुद्धा विचारलं नाही. मुलाचा विश्वास मोडणाऱ्या माणसाला कशाला विचारायचं, असं वाटलं. शाम आतल्या खोलीत होता."

हे तू मला लिहिलं नव्हतंस.

मग त्यांनी पहिलं पान मागितलं. 'आमचे गुरुवर्य विष्णुपंत राशिनकर यांच्या चरणी' अशी तुझी अर्पणपत्रिका. पेन्सिलीने ती आडवी खोडली. खाली लिहिलं, 'फादर लॉरेन्झ यांच्या स्मृतीस.' सही केली, तारीख घातली. पान सत्तावीसच्या कोपऱ्यात लिहिलं, 'लेख रद्द. या पानावर काय छापायचं ते सहादेव आणि शामकांत यांनी ठरवावं. मंडळाची हरकत नाही.' पुन्हा सही. एकही वेलांटी चुकलेली नव्हती.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला, खोटं कशाला बोलू? पायऱ्या उतरताना गुरुजींनी भिंतीला हात लावला, तोवर टिकला. मी धरायला पुढे झालो तर म्हणाले, "राहू दे. हात काळे आहेत तुझे, माझं धोतर खराब होईल." मग वळून म्हणाले, "तसं नाही रे. मी असंच म्हणालो." आणि गेले.

ते काय म्हणायला निघाले होते ते मला समजलं नाही. तू घरी जाशील तेव्हा विचार. पुण्याहून गाडी आहे, आणि ते आता तुला पत्राने उत्तर देणार नाहीत असं मला वाटतं.

सहा ओळी. पाच तारखेपर्यंत.

सहादेव


बुधवार, ७ डिसेंबर

शामकांत,

पाच तारीख गेली. काल तुझं पत्र आलं, ओळी आल्या नाहीत. 'म्हातारा परत येणार आहे का? माझं आयुष्य उद्ध्वस्त करून तुला काय मिळणार?' असं विचारतोस.

मला काही मिळणार नाही. मॅट्रिक मिळणार नाही, कॉलेज मिळणार नाही. मागच्या आठवड्यात मी जामखेडच्या पलीकडे जाऊन आलो. आईने वाट सांगितली. काट्यांत एक साधा लाकडी क्रूस आहे, नाव पुसलेलं. मी तिथे गुडघे टेकले आणि सगळं सांगितलं, ओरडून सांगितलं, माळावर मेंढ्या चारणारा एक बाबा उठून बघायला लागला. खालून कोणी विचारलं नाही, टाका सरळ होता का. त्यामुळे मला काय मिळणार हा प्रश्न तू मला विचारू नकोस. मला सूड हवा आहे. तो थोडा तुझा आहे आणि बराचसा माझा, आणि दोन्ही एकाच पानावर बसतात.

पान आज सकाळी छापून झालं. काय छापलं ते सांगतो, समारंभात दचकायला नको.

वरच्या अर्ध्या भागात माझी तक्रार आहे, जशीच्या तशी, शब्द न बदलता. खाली लिहिलं आहे: 'ही तक्रार मी लिहिली. ती खोटी होती. फादर लॉरेन्झ यांनी माझी कबुली कधीच फोडली नाही. चर्चमध्ये लोकांनी जाऊ नये म्हणून मी वर्षभर चिंचेखाली बसलो. सहादेव भिंगारदिवे, जुळारी.' यादीतही आता माझ्यापुढे ठावठिकाणा आहे. पान बारावरच्या झेंड्याजवळ कोणाचंच नाव नाही, तुझी लाजरी ओळ तेवढी काढली, गुरुजींच्या सहीने.

खालच्या अर्ध्या भागात एकच ओळ छापली आहे: 'आणि ज्याने ऐकलं आणि सांगितलं, त्याची कबुली: शामकांत विष्णुपंत राशिनकर.' त्याखाली सहा ओळींची कोरी जागा. तुला वाटेल, कोरी जागा ठेवणं सोपं. नाही. छापखान्यात कोऱ्या जागेतही शिसं भरावं लागतं, नाहीतर पान ढिलं पडतं. तुझ्या सहा ओळींचं शिसं मी एकेक तुकडा निवडून बसवलं. बाकी सगळं पुस्तक जुळवायला लागलं नसेल इतका वेळ त्यात गेला.

तीनशे प्रती आहेत. तीनशे ठिकाणी ती जागा कोरी आहे. आता तू काहीही केलंस तरी ती भरून छापता येणार नाही. फक्त हाताने भरता येईल. आला नाहीस तरी पुस्तक वाटलं जाणार, आणि प्रत्येक माणूस शेजारच्याला विचारणार की इथे काय असायला हवं होतं. आलास तर तुलाच विचारणार. तू ठरव.

गुरुजी येणार आहेत. परवा छापखान्यात येऊन गेले. पुस्तकाची पहिली प्रत चर्चमध्ये, त्या कपाटापाशी ठेवायची म्हणाले. कपाट अजून आहे तिथेच. नवे फादर तरुण आहेत, मंगळूरचे. शनिवारी चार वाजता बसतात, रांग असते म्हणे.

समारंभ तीनला आहे. माझा अर्धा भाग मी आधी उभा राहून वाचणार आहे, तेवढं मी ठरवलंय. त्यानंतर तुझं नाव पुकारतील. टाक तू आण, दौत मी आणतो.

आणि एक. माझी आई पहिल्या रांगेत बसेल, हिरव्या लुगड्यात. फादरांच्या मातीला जामखेडपलीकडे चालत गेलेली ती एकटीच. तिला अक्षर येत नाही, तेव्हा कोऱ्या जागेचा तिला काही उपयोग नाही. तिला तूच तोंडाने सांगायचं आहेस. जवळ जा आणि मोठ्याने बोल, शामकांत. तिलाही आता कमी ऐकू येतं.

सहादेव